मदत हवी आहे : पहिल्या हातात स्वस्त पत्ता येतच नाही, कंपनीला पुरावा कसा द्यावा?

अंत्रुजकर :
नमस्कार. गेली दहा वर्षे मी एकच ऑनलाइन पत्त्यांचा खेळ नेमाने खेळत आलो आहे आणि त्यासाठी आज प्रथमच कोणाकडे मदत मागत आहे. या सीझनमध्ये पहिल्या हातात एकही स्वस्त पत्ता नाही, असे माझ्या बाबतीत २३ वेळा घडले. अशा वेळी पहिल्या तीन खेळ्या मी नुसता बघत राहतो, समोरचा आपली फौज मांडून मोकळा होतो, आणि माझा पहिला पत्ता पडेपर्यंत सामना हातचा गेलेला असतो. गेल्या आठवड्यात तर मी सलग ९ सामने हरलो. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ आणि हातातले पत्ते मी वहीत लिहून ठेवले आहेत. कंपनीच्या मदत विभागाला तीनदा लिहिले आणि तिन्ही वेळा शब्दन् शब्द तेच उत्तर आले, की पत्ते निःपक्षपातीपणे पिसले जातात. ते तसे पिसले जात नाहीत हे कंपनीला मान्य करायला लावण्यासाठी कोणता पुरावा लागतो, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. खेळ सोडून द्या, असा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

बार्देशकर :
खेळ कोणता, डेक किती पत्त्यांचा, पहिल्या हातात पत्ते किती, स्वस्त म्हणजे किती ऊर्जेचे आणि असे पत्ते डेकमध्ये किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. शिवाय २३ वेळा म्हणजे किती सामन्यांपैकी २३ वेळा? हे कळल्याशिवाय तो आकडा मोठा की लहान, हे कोणालाही सांगता येणार नाही.

डिचोलीवाला :
पैसे लावून खेळत असाल, तर सर्वप्रथम थांबा. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली असून रमी आणि पोकरही त्यातून सुटलेले नाहीत. मांडवीतल्या कॅसिनोंना परवाना आहे, म्हणून मोबाइलवरही चालते, असा आपल्याकडे अनेकांचा गैरसमज आहे. त्या बोटींचा आधार १९७६ चा गोव्याचा जुगारविषयक कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या हा आहे. मोबाइलवरच्या खेळाशी त्याचा संबंध नाही.

अंत्रुजकर :
डिचोलीवाला, माहितीबद्दल आभार. परंतु या खेळात पैज लागत नाही आणि पैसे जिंकताही येत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न येथे उद्भवत नाही.
बार्देशकर बाब, खेळाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण माझी तक्रार अजून कंपनीपुढे आहे. डेक ४० पत्त्यांचा असतो आणि पहिल्या हातात ५ पत्ते येतात. पहिल्या खेळीला १ ऊर्जा मिळते आणि पुढे प्रत्येक खेळीला एकेक वाढत जाते. १ किंवा २ ऊर्जेत खेळता येतात ते मी स्वस्त धरतो आणि असे १२ पत्ते माझ्या डेकमध्ये आहेत. एकूण सामने मोजलेले नाहीत, शंभर-सव्वाशे असावेत. वहीत मी वाईट हात आणि हरलेले सामने तेवढे लिहितो, कारण तक्रार त्यांच्याविषयीच आहे.

साष्टीकर :
आपला संशय खरा आहे. पत्ते कसे पिसले जातात हे आपल्याला दिसत नाही आणि समोर कोणाला बसवायचे हेही कंपनीच ठरवते. खेळाडूने दुकानातून काही विकत घ्यावे अशा बेताने त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी आणण्याच्या पद्धतीचे पेटंट एका मोठ्या गेम कंपनीने २०१७ मध्ये अमेरिकेत मिळवलेले आहे. मी डेक बदलला, की दुसऱ्याच सामन्यात त्या डेकचा काळ समोर येतो, हा माझा चार वर्षांचा अनुभव आहे. नवीन खाते उघडा. पहिले पन्नास सामने कसे सोपे जातात ते पाहा.

बार्देशकर :
साष्टीकर, पेटंटची गोष्ट खरी असली तरी ते प्रतिस्पर्ध्यांच्या जोड्या लावण्याविषयी होते, पत्ते पिसण्याविषयी नव्हे. आणि ती पद्धत आपल्या खेळांत वापरलेली नाही, असे त्या कंपनीने तेव्हाच सांगितले होते. नवीन खात्याला सुरुवातीला नवखेच प्रतिस्पर्धी मिळतात, म्हणून ते सामने सोपे जातात. त्यासाठी दहा वर्षांचा संग्रह मागे टाकायला सांगणे योग्य नाही.

साष्टीकर :
कंपनीने स्वतःच्या बचावासाठी सांगितलेले आपण पुरावा म्हणून मांडत आहात. अंत्रुजकरांना नेमके तेच उत्तर तीनदा मिळालेले आहे.

मांडवीकाठ :
चवथीच्या दिवसांत आमच्या घरी आरत्या झाल्यावर रात्रभर पत्ते चालतात आणि तिथले पिसणे कसे असते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कोणी दोनदा वरखाली करतो, कोणी तीनदा, आणि मागच्या डावात एकत्र पडलेले पत्ते पुढच्या डावातही एकत्रच निघतात. दोन भाग करून एकमेकांत सोडण्याच्या रीतीने ५२ पत्ते पुरेसे मिसळायला साधारण सात वेळा पिसावे लागते, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. आपल्यापैकी कोणीही सात वेळा पिसत नाही. संगणकासाठी मात्र १९३८ मध्ये फिशर आणि येट्स यांनी मांडलेल्या रीतीवरून सिद्ध झालेली पद्धत आहे, जिच्यात प्रत्येक क्रम येण्याची शक्यता सारखी असते. हाताने पिसलेल्या पत्त्यांची सवय असलेल्या माणसाला खरे मिसळलेले पत्ते उलटे विचित्र वाटतात.

सत्तरीचा पाऊस :
आपण इंटरनेटचा काही उल्लेख केलेला नाही. आमच्या वाळपईच्या बाजूला पावसाळ्यात फांदी पडून वीज गेली, की राउटर बंद होतो आणि चालू सामना हरल्यात जमा होतो. मी राउटरसाठी वेगळी बॅटरी बसवून घेतली आणि माझा अर्धा त्रास कमी झाला. तुमच्या ९ पराभवांत असे किती होते, ते पाहा.

अंत्रुजकर :
सत्तरीचा पाऊस, फोंड्यालाही वीज जाते. परंतु असे सामने मी वहीत वेगळे लिहितो आणि त्या ९ मध्ये एकही तसा नाही. मांडवीकाठ, आपण सांगितलेले पटण्यासारखे आहे, पण कंपनी प्रत्यक्षात तीच पद्धत वापरते हे मी कशावरून मानावे?

बार्देशकर :
मानू नका, मोजून पाहा. ४० पैकी २८ पत्ते महाग आहेत. पाचही पत्ते त्या २८ मधूनच येण्याची शक्यता काढण्यासाठी २८/४०, २७/३९, २६/३८, २५/३७ आणि २४/३६ यांचा गुणाकार करावा. तो ०.१४९ येतो, म्हणजे पिसणे अगदी चोख असले तरी शंभर सामन्यांत सुमारे १५ वेळा तुमचा हात असाच येणार. एकूण सामने १०० असतील तर २३ हा आकडा खरोखर जास्त आहे आणि मी तुमच्या बाजूने उभा राहीन. १५० असतील तर त्यात काहीच वावगे नाही. तुमच्या प्रोफाइलमध्ये या सीझनचे जिंकलेले आणि हरलेले सामने दिसत असतील. अंदाज नको, तो आकडा येथे लिहा.

अंत्रुजकर :
प्रोफाइल पाहिले. या सीझनमध्ये ६८ सामने जिंकलो आणि ९३ हरलो, म्हणजे एकूण १६१ झाले. इतके झाले असतील असे वाटले नव्हते.

बार्देशकर :
मग १६१ सामन्यांत असे हात सुमारे २४ वेळा अपेक्षित होते आणि तुम्हाला ते २३ वेळा आले. सलग ९ पराभवांचेही तसेच आहे. जिंकण्याचे प्रमाण ४२ टक्के असलेल्या खेळाडूला १६१ सामन्यांत कुठे ना कुठे इतकी लांब ओळ लागण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास असते. ही वही पाठवली तर ती कंपनीच्याच बाजूची साक्ष ठरेल.

काणकोणची वाचक :
मला एक वेगळी शंका आहे आणि ती अजून कोणी विचारलेली नाही. तुम्ही ज्या २३ हातांविषयी लिहिता, ते बदलण्यापूर्वीचे की बदलल्यानंतरचे? असा हात आल्यावर तुम्ही पत्ते परत करत नाही का?

अंत्रुजकर :
ताई, मी हात कधीच बदलत नाही. २०१६ मध्ये खेळायला लागलो तेव्हा हात परत केला, की एक पत्ता कमी मिळत असे, आणि चार पत्त्यांनी सुरुवात करणे म्हणजे अर्धा सामना देऊन टाकणे, हे आम्हा सगळ्या जुन्या खेळाडूंचे मत होते. तेव्हापासून तो पडदा आला, की मी 'ठेवा' हेच दाबतो.

काणकोणची वाचक :
तो नियम बहुधा केव्हाच बदललेला असावा. छापील पत्त्यांच्या खेळांतही तसेच झाले आहे : १९९३ साली आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग'मध्येसुद्धा हात परत केल्याची शिक्षा पुष्कळ कडक होती आणि २०१९ मध्ये ती सौम्य करण्यात आली. तुमच्या खेळात आता परत केलेल्या प्रत्येक पत्त्यामागे एक नवा पत्ता मिळतो का, आणि हवे तेवढेच पत्ते परत करता येतात का, हे आज पाहून सांगा.

अंत्रुजकर :
पाहिले. हवे तेवढे पत्ते निवडून परत करता येतात आणि तेवढेच नवे मिळतात. परत केलेले पत्ते त्यानंतर गठ्ठ्यात मिसळले जातात. हे केव्हा बदलले ते मला ठाऊक नाही.

काणकोणची वाचक :
मग हिशेब करून पाहू. पाचही पत्ते महाग आले आणि पाचही परत केले, तर उरलेल्या ३५ मध्ये तुमचे बाराच्या बारा स्वस्त पत्ते शिल्लक आहेत. पुन्हा एकही न येण्याची शक्यता सुमारे १० टक्के राहते, म्हणजे एकूण दीड टक्का. तुमचा आवडता एक महाग पत्ता हातात ठेवून चारच परत केले, तरी एकूण शक्यता अडीच टक्क्यांपर्यंतच जाते. १६१ सामन्यांत २४ ऐवजी ४ वेळा ही अडचण आली असती.

साष्टीकर :
हिशेब मान्य, पण त्याने ९३ पराभव भरून निघत नाहीत. नव्या संचांतले पत्ते तेवढ्याच ऊर्जेत जुन्यांपेक्षा अधिक काम करतात, आणि ते विकत घेतल्याशिवाय जुन्या खेळाडूला टिकता येत नाही.

बार्देशकर :
हे होत असते आणि त्याबद्दल माझा वाद नाही. मात्र अंत्रुजकरांच्या वहीत केवळ पराभव आहेत, त्यामुळे नव्या संचांविरुद्ध ते किती जिंकले हे कळायला मार्ग नाही. इथून पुढे प्रत्येक सामना लिहावा आणि समोरचा डेक जुना की नवा, याचीही नोंद ठेवावी.

अंत्रुजकर :
चार रात्री हात बदलून खेळलो. २२ सामन्यांत एकदाच एकही स्वस्त पत्ता न घेता सुरुवात करावी लागली, आणि १३ सामने जिंकलो. २२ हा आकडा लहान आहे, हे बार्देशकर बाब सांगतील, आणि मलाही ते आता कळते. या वेळी जिंकलेले सामनेही लिहिले आहेत.

पत्ते पिसण्याविषयीची तक्रार मी काल मागे घेतली. त्या जागी दुसरी लिहीत आहे. नव्या खेळाडूला सुरुवातीच्या धड्यात हात बदलायला शिकवले जाते, हे मी पुतण्याच्या मोबाइलवर स्वतः पाहिले. पण ज्याने तो धडा २०१६ मध्ये संपवला त्याच्या पडद्यावर नियम बदलल्याचा एक शब्दही कधी आला नाही, आणि तीन पत्रांच्या उत्तरांतही कोणी मला एवढे विचारले नाही, की तुम्ही हात बदलता का. ही चूक कंपनीने मान्य करावी, असे मला मनापासून वाटते. ताई, असे बदल कोणत्या तारखेला झाले हे खेळाच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदींत सापडू शकेल का, आणि त्या नोंदी कुठे शोधायच्या?

काणकोणची वाचक :
सापडायला हवे. खेळाच्या संकेतस्थळावर बातम्यांचा विभाग असेल, तर प्रत्येक आवृत्तीबरोबर झालेले बदल तिथे तारखेसह दिलेले असतात. २०१६ पासून एकेक वर्ष पुढे येत 'सुरुवातीचा हात' या अर्थाचे शब्द शोधा, आणि सापडलेल्या पानाचे चित्र तक्रारीला जोडा.