अन्नछत्रातल्या सेवेकऱ्यांचं एकमत कसं घडवायचं? (नाशिक)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. पंचवटीत आमच्या ट्रस्टचं अन्नछत्र आहे, भांडारघर माझ्याकडे असतं. सेवेकरी मनापासून येतात, पगारी आचारी आणि भांडी घासणाऱ्या मावश्याही आहेत, तरी रोज कुरबुर. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, नैवेद्य झाल्याशिवाय पान वाढायचं नाही. पोरं म्हणतात, सिव्हिलला पेशंट ठेवून आलेल्या माणसाने ताटकळत का बसावं? परवा कूपन नाही म्हणून एका कुटुंबाला भरल्या पंगतीतून उठवलं. वाढणारी मुलगी रडत घरी गेली, ती अजून आलेली नाही.

विश्वस्तांनी 'सेवा, समर्पण, शिस्त' असा फलक लावलाय. उठवणाऱ्या काकांना वाटतं आपण शिस्त पाळली, त्या मुलीला वाटतं आपण सेवा करत होतो. दोघंही त्याच फलकाकडे बोट दाखवतात. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. तोवर आम्ही एका विचाराने कसं वागायला लागू?

दिंडीतला टाळकरी
रामकृष्ण हरी ताई. मी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालतो. दिंडीत शेतकरी, मास्तर, रिक्षावाले सगळेच. मूल्यं कोणी समजावून सांगत नाही. समोर वारकरी आला की वय-जात न बघता पाया पडायचं, एवढं वागणं ठरलेलं आहे. माणूस त्यातून घडत जातो.

तक्रारीचं मात्र जरूर बघा. माउलींच्या पालखीत मुक्कामाला समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जाऊन म्हणणं ऐकतात आणि त्यानंतरच आरती होते. हजारो माणसं तेवढा वेळ उभी असतात. तक्रार करणारा भक्तीत विघ्न आणतो असं कोणी म्हणत नाही. तुमच्याकडे पंगती उरकल्यावर, सायंआरतीच्या आधी, अशी जागा ठेवा. वाढताना वाद नको.

सातपूरकर
टाळकरी दादांशी सहमत, पण सगळंच चर्चेला ठेवू नका. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांनी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू केला, तो याच पंचवटीत. तिथे पानावर बसलेलं कुटुंब उठवलं गेलं हे वाचून फार वाईट वाटलं. एकदा बसलेला माणूस उठणार नाही, हे विश्वस्तांनी ठरवून जाहीर करावं. कूपन दारात बघा.

फलकाबद्दल सांगतो. गाडगेबाबांची दशसूत्री आठवा: भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी. कोणाला काय द्यायचं ते सरळ सांगितलंय. 'समर्पण' वाचून वाढप्याला काय करायचं ते कळत नाही. आणि ट्रस्टची घटना काढून उद्देशाचं कलम सगळ्यांसमोर वाचा. बऱ्याच सेवेकऱ्यांनी ते पाहिलेलंही नसतं.

मखमलाबादची सून
ताई, बैठकीला भांडीवाल्या मावश्यांनाही बोलवा, आणि तो वेळ त्यांच्या कामात धरा. सेवेकरी पुण्यासाठी थांबतील. मावशीला पुढच्या घरचं काम गाठायचं असतं. उपाशी कोण परत गेलं हे सगळ्यात आधी त्यांना दिसतं.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. मावश्यांचं खरंच कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आचारीमामांना आज विचारलं. ते म्हणाले, नैवेद्यापुरता भात-वरण वेगळ्या पातेल्यात आधी शिजवून देतो, साडेदहाला नैवेद्य दाखवा, अकराला पहिली पंगत बसवा. गुरुजींची हरकत नाही. बसलेल्याला उठवायचं नाही, हा ठराव विश्वस्तांपुढे ठेवतेय. त्या मुलीच्या घरी उद्या जाणार आहे. उठवणारे काका स्वतःहून म्हणाले, मीही येतो.