उ: जुन्या इमारतीच्या बाल्कन्या: दुरुस्ती की नव्याने बांधणी?

खालून पोपडे काढून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा मसाला) भरले की बाल्कनी आणखी दहा वर्षे टिकेल, असे या चर्चेत आधी सुचवले गेले आहे; एका टोकाला आधार नसलेल्या बाल्कनीच्या बाबतीत मला ते पुरेसे वाटत नाही. अशा स्लॅबमध्ये ओढणारा ताण वरच्या बाजूला येतो, त्यामुळे मुख्य सळ्या वर असतात, आणि सर्वांत घातक तडा भिंतीलगत, लादीखाली झाकलेला असतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पाणी नेमके तिथेच मुरते. म्हणून निर्णयापूर्वी भिंतीलगतच्या दोन-तीन लाद्या आणि खालचा कोबा काढून सळ्या उघड्या कराव्यात, गंज खरवडून उरलेला व्यास मोजावा आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन (अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारे रसायन) शिंपडावे. जिथे गुलाबी रंग येत नाही, तिथे काँक्रीटचे सळ्यांना मिळणारे संरक्षण संपलेले असते.

स्लॅब पाडायचाच ठरला, तर टेकू फक्त खालच्या मजल्यावर न देता थेट जमिनीपर्यंत द्यावेत. नव्या सळ्या खोलीच्या स्लॅबमध्ये पुरेशा आत न्याव्या लागतात, म्हणजे रहिवाशांच्या घरातली फरशी उखडणे आलेच (सोसायटीच्या सभेत खरे वादळ इथेच उठते). जुने काँक्रीट भुसभुशीत असेल, तर त्यात भोके पाडून केवळ चिकटवणाऱ्या रसायनाने सळ्या रोवून भागवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे.

इमारत 30 वर्षांहून जुनी असल्यास मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तो अहवाल हाती आल्यावरच निविदा काढावी.