दुपारची मरगळ आणि हरित कार्यालय: खरोखर फरक पडतो का?

प्रश्न (लेखापाल, सात रस्ता)
आमच्या कार्यालयाला पश्चिमेकडून पूर्ण काच आहे, खिडक्या उघडतच नाहीत आणि दोन स्प्लिट एसींच्या भरवशावर आम्ही अठरा जण बसतो. दुपारी तीननंतर डोके जड होते, एकच बेरीज तीनदा तपासावी लागते. गच्चीवर दहा मिनिटे उभे राहिले की मात्र हुशारी येते. मालक नवी जागा पाहत आहेत. हरित इमारतीने, म्हणजे वीज-पाणी वाचवणाऱ्या आणि आतली हवा चांगली ठेवणाऱ्या इमारतीने, कामात खरोखर फरक पडतो का?

उत्तर (वास्तुविशारद, जुळे सोलापूर)
गच्चीवर बरे वाटते, यातच निम्मे उत्तर आहे. नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. त्यामुळे अठरा जणांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथेच साचत जातो. हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक जोसेफ अॅलन आणि सहकाऱ्यांनी 24 जणांना सहा दिवस एका कार्यालयात बसवून, कोणत्या दिवशी कोणती हवा सोडली आहे हे त्यांना न सांगता, निर्णयक्षमतेच्या चाचण्या घेतल्या. नेहमीच्या इमारतीसारख्या हवेच्या तुलनेत हरित इमारतीसारख्या हवेत गुण सरासरी 61 टक्क्यांनी, तर ताज्या हवेचे प्रमाण आणखी वाढवल्यावर 101 टक्क्यांनी जास्त आले. माणसे थोडी होती, त्यामुळे हेच आकडे सोलापुरात जसेच्या तसे मिळतील असे मी म्हणणार नाही; पण दिशा स्पष्ट आहे.

उत्तर (व्यवस्थापक, टॉवेल कारखाना, अक्कलकोट रस्ता)
केवळ हरित इमारतीचे प्रमाणपत्र पाहून जागा घेऊ नका, कारण त्यात वीज आणि पाणी वाचवल्याचेही गुण असतात. माणशी ताजी हवा किती मिळेल, हे लेखी मागा. आम्ही बैठकीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र ठेवले, तेव्हा तासाभरातच आकडा दीड हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, याचे माप) पुढे गेला. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. जाळी लावलेला ताज्या हवेचा पंखा बसवल्यापासून दुपारच्या बैठकीत जांभया देणारे कमी झाले आहेत.

उत्तर (वास्तुविशारद)
सहमत आहे. शिवाय पश्चिमेची काच टाळा. वैशाखात पारा बेचाळिशीवर असताना दुपारी खिडकी उघडा असे सांगणे व्यर्थ आहे. पण ऊन काचेच्या बाहेरच अडवले, तर एसीवरचा भार बराच कमी होतो. आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक हेच काम करत असत.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. यंत्र आजच मागवतो आणि आठवडाभराच्या नोंदी मालकांपुढे ठेवतो. तोवर सकाळी साडेआठला, ऊन तापण्यापूर्वी, दोन्ही दारे अर्धा तास उघडी ठेवण्याचे शिपाईकाकांना सांगितले आहे.