शाळेच्या फाटकापासून 38 पावलांवर माझा फ्रीज आहे. ठेवू की काढू?

दुकानवाली, बार्शी

बार्शीत एका प्राथमिक शाळेसमोर माझं जनरल स्टोअर्स आहे. वह्या, पेनं, गोळ्या-बिस्किटं आणि थंड पेयं. सासऱ्यांनी टाकलेलं दुकान, आता मीच बसते. फ्रीज कंपनीकडून फुकट मिळालाय. अट एवढीच की आत त्यांचाच माल हवा आणि काच रस्त्याकडे हवी. खालचे दोन कप्पे दहा रुपयेवाल्या मालाचे, म्हणजे बरोबर दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या डोळ्यांसमोर.

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाई स्वतः आल्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे म्हणाल्या. जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत. रागावल्या नाहीत, नीट समजावून सांगितलं. त्या गेल्यावर मी फाटकापासून दुकानापर्यंत चालत आले. 38 पावलं. मुलाने टेप लावला, 26 मीटर भरलं.

आधी मला रागच आला. पैसे ज्याचे, पिणार तो, सरकार मध्ये कुठून आलं? माझ्याकडे रिक्षावाले येतात, भगवंताच्या दर्शनाला आलेली माणसं येतात. त्यांनी काय प्यावं हे कुणी का ठरवावं? आणि मार्च-एप्रिलात थंडावर रोजचे अडीचशे-तीनशे सुटतात. त्यातून दुकानाचं लाइटबिल निघतं.

पण तिसरीतला एक मुलगा मनातून जात नाही. मधल्या सुट्टीत रोज एक आंब्याचं पेय, कधी दोन. परवा त्याची आई वही घ्यायला आली. म्हणाली, डबा तसाच परत आणतो हो, भूकच नाही म्हणतो. मी गप्प राहिले. त्याची भूक कशाने मेली ते मला ठाऊक होतं. त्याचे दहा रुपये माझ्या गल्ल्यात होते.

त्यात कराचं मला पटत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून माझ्या बिलावर गॅसवाल्या बाटलीला 40 टक्के जीएसटी लागतो आणि आंब्याच्या पेयाला 5. भिंग घेऊन लेबलं वाचली. कोल्यात 100 मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर, आंब्याच्यातही काही कमी नाही. उलट बिनसाखरेच्या गॅसवाल्या बाटलीलाही 40च. म्हणजे हा कर साखर बघून लावलेलाच नाही. आणि 50 मीटर संपले की पुढच्या टपरीवर पोरांना तेच मिळतं.

माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? आणि सरकारने कुठवर यावं, कुठे थांबावं?

न्यूजर्सीकर

ताई, हा वाद मी जवळून पाहिलाय. 2012 मध्ये मी मॅनहॅटनमध्ये नोकरीला होतो. न्यूयॉर्क शहराचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी ठरवलं की हॉटेलं, थिएटरं, स्टेडियम, गाडे यांनी 16 औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 473 मिलीपेक्षा मोठ्या ग्लासात गोड पेय विकायचं नाही. दोन ग्लास घ्यायला बंदी नव्हती. तरी शहर पेटलं. आमच्या ऑफिसात रोज जेवताना तेच.

12 मार्च 2013 ला नियम लागू व्हायचा होता, आदल्या दिवशी न्यायालयाने रोखला. 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही 4 विरुद्ध 2 मतांनी तोच निकाल कायम ठेवला. कारण लक्षात घ्या. साखर चांगली असं कुणी म्हटलं नाही. एवढा मोठा निर्णय निवडून आलेल्या सभागृहाचा होता, शहराच्या आरोग्य मंडळाने तो स्वतःच घेतला, हा मुख्य आक्षेप. शिवाय नियमाला भोकं होती. कोपऱ्यावरच्या काही दुकानांत तोच मोठा ग्लास चालणार होता, निम्म्याहून जास्त दूध असलेली पेयं वगळली होती.

मी तेव्हा विरोधात होतो. आता वाटतं, मोठ्या माणसाला अडवू नये, पण समोर आलेला ग्लास आपण संपवतोच. मी स्वतः थिएटरात बादलीएवढा ग्लास तहान नसताना संपवलाय. तुमचं गिऱ्हाईक तर आठ वर्षांचं आहे.

रसवंतीवाला

ताई, माझं मत वेगळं पडेल, रागावू नका. पंढरपूर रस्त्याला माझी रसवंती आहे, फेब्रुवारी ते जून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत उसाच्या रसाचंही नाव आलंय. 100 मिलीत 13 ते 15 ग्रॅम साखर. खरं असेल, मी नाकारत नाही. पण आज बाटली, उद्या माझा चरक, परवा देवाचा शिरा, असं होणार असेल तर मला भीती वाटते. वारीच्या वाटेवर उन्हात चालून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी आलं-लिंबू घालून रस देतो. त्याला ग्रॅम सांगायचे का? त्याला कळतं त्याला काय हवंय. वडिलांना शुगर होती, ते स्वतःच्या रसवंतीत तीस वर्षं बसले आणि शेवटची दहा वर्षं एक घोट घेतला नाही. स्वतः ठरवलं होतं त्यांनी.

लहान पोरांचं मात्र तुमचं बरोबर आहे. माझ्याकडे एकटं पोरगं आलं तर मी अर्धाच ग्लास भरतो, पैसेही अर्धेच घेतो. हा नियम मला कुणी घालून दिला नाही.

निवृत्त मास्तर, लातूर

2017 च्या मे महिन्यात आपल्या राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून वडे, वेफर्स, शीतपेयं काढायचा निर्णय काढला, तेव्हा मी सेवेत होतो. आम्ही तो पाळला. कँटीनमध्ये खिचडी, राजमा, ताक आलं. पोरं फाटकाबाहेर गेली. मी फाटकात उभा राहून मुलांना परत पाठवायचो आणि मनात तुमच्यासारख्या दुकानदारांवर चिडायचो. ते चुकलंच, तुमचंही घर त्यावरच चालतं.

करावरचा तुमचा मुद्दा मोलाचा आहे. मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. तिकडे एप्रिल 2018 पासून कर साखरेच्या ग्रॅमवर आहे. सुरुवातीला 100 मिलीत 5 ग्रॅमपासून पुढे लिटरला 18 पेन्स आणि 8 ग्रॅमपासून 24 पेन्स असा होता. त्याची घोषणा दोन वर्षं आधी झाली होती. तेवढ्यात कितीतरी कंपन्यांनी आपल्या पेयांतली साखर उतरवून टाकली, कर टळावा म्हणून. गिऱ्हाइकाला कुणी काही मनाई केली नाही, दुकानदाराला टेप लावावा लागला नाही. बाटली तीच, साखर कमी. आपल्याकडे गॅसवर कर आहे तोवर कंपनीला साखर कमी करून फायदा काय? 40 टक्के आहेतच.

दुकानवाली, बार्शी

सगळ्यांचे आभार. मास्तरांचं पत्राएवढं उत्तर दोनदा वाचलं. रसवंतीवाल्या दादा, तुमचा अर्धा ग्लास मला फार आवडला.

मी काय केलं ते सांगते. शनिवारी कंपनीच्या माणसाला फोन केला, खालचे दोन कप्पे मी पाण्याला आणि ताकाला देते म्हटलं. तो म्हणाला, मग फ्रीज परत न्यावा लागेल, करारच तसा आहे. रात्री घरी मालकांशी बोलले. ते म्हणाले, तू बसतेस, तूच ठरव. सोमवारी टेंपो येईल म्हणून सांगितलंय.

धाकट्या दिरांकडे जुना डबल डोअर पडून आहे, गॅस भरून घेतला की चालेल. काच नाही त्याला. मोठ्या माणसाने मागितली तर शाळा सुटल्यावर बाटली काढून देईन. 26 मीटरचं अंतर तेव्हाही तेवढंच राहणार, म्हणून तेही नियमात बसतं का ते बाईंना विचारणार आहे. नाही म्हणाल्या तर बंद करेन, पण मग पलीकडच्या टपरीबद्दलही बोला असं त्यांना सांगेन.

त्या मुलाच्या आईला अजून काही बोललेले नाही. उद्या शाळा भरताना ती त्याला सोडायला येते, तेव्हा बाहेर जाऊन उभी राहीन. ताकाची पिशवी कितीला पडते घाऊक, कुणाला माहीत आहे का? बार्शी किंवा कुर्डुवाडीच्या डेअरीचा भाव असेल तर इथेच सांगा.