अनुभव धागा: सुगीचा सण, लिलाव आणि आजीचे चार आणे

नगरी_माणूस
जय ख्रिस्त मंडळी. काल आमच्या चर्चमध्ये सुगीचा सण झाला, देवाला आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो तो. एका पोरानं मफलरात गुंडाळून दोन अंडी आणली आणि लिलाव संपेपर्यंत त्यांच्यावरची नजर हलवली नाही. आजी आठवली.
१९८४ साल. वडिलांना बोनस मिळालेला. लिलावात एक भोपळा आला, पाच रुपयांचाही नसेल. शेजारचे मामा वीस म्हणाले, वडील तीस, मामा पन्नास. शेवटी वडिलांनी दीडशेला घेतला, टाळ्या पडल्या. घरी आजीनं चुलीपुढूनच विचारलं, "बाळा, दीडशे देवाला दिलेस का मामाला दाखवलेस?" वडील रात्री जेवले नाहीत.
तिचं स्वतःचं दान म्हणजे पदराच्या गाठीतले चार आणे. शनिवारी रात्री राखेनं घासून ठेवायची. देवाला मळका पैसा द्यायचा नाही म्हणायची.
तुमचेही अनुभव लिहा. दिल्याचे, आणि हाव सुटल्याचेही.

वाडीवाली
आमच्याकडे वसईत आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादाला न्यायच्या. आता आम्ही दुसऱ्यांच्या शेतातून मागून आणतो, आमच्यात भराव पडला. जमिनीला भाव आला तसे दोन्ही काका एका विहिरीवरून कोर्टात गेले. अकरा वर्षं झाली. फादर बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या कोठारं मोठी करणाऱ्या श्रीमंताचा उतारा वाचतात तेव्हा दोघं दोन टोकांच्या बाकांवर मान खाली घालून बसलेले असतात. बघवत नाही. बाळ मांडीवर आहे, चुका समजून घ्या

अंडाभुर्जी
त्या दोन अंड्यांचं काय झालं??

नगरी_माणूस
साडेचारशेला गेली 😊 घेणाऱ्या बाईंनी ती पोरालाच परत दिली. त्यानं पुन्हा नेऊन वेदीपुढे ठेवली! दुसऱ्यांदा दोनशे आले.

पहाडी_पाहुणा
नोकरीमुळे चार वर्षं मिझोरामात ऐझॉलला होतो. घरमालकीण रोज भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायची. बुहफाई थाम म्हणतात. १९१० पासून चालू आहे. चर्चची माणसं तो तांदूळ गोळा करतात, विकून आलेले पैसे मंडळीच्या कामाला. महिनाअखेरीला तिचा डबा तळाला गेलेला मी पाहिलाय. तरी आधी देवाची मूठ, मग आधण. आमची ही आता तसंच करते, तांदूळ शेजारच्या आजींना जातो.

फक्त_वाचते
पहिल्यांदाच लिहितेय. मिस्टर आजारी असताना एका प्रचारकानं सांगितलं, बी पेरा, शंभरपट परत येईल. मंगळसूत्र मोडून पैसे दिले. मिस्टर गेले. देवावर माझा राग नाही, तो रोज सोबत आहे. पण गरीब विधवेनं दान टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन छोट्या नाण्यांवर, उपदेश करणाऱ्यांनी बायबलातल्या मार्कच्या १२व्या अध्यायातली त्याच्या जरा आधीची ओळ पण वाचावी. विधवांची घरं गिळणाऱ्यांना येशू काय म्हणतो ते तिथंच लिहिलंय. मला कुणी कधी ऐकवली नाही, मीच एका रात्री वाचली.

वाडीवाली
ताई 🙏 आजची रोझरी तुमच्यासाठी म्हणते. कधी वसईला आलात तर घरी या, खरंच या.

जुनी_वही
कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. आमचे पाळकसाहेब दर सुगीला सांगतात. मला मात्र नेहमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईच आठवतात. पगार बंद झाला तरी चूल त्यांनाच पेटवायची होती.

फक्त_वाचते
अगदी. चुलीपाशी बसणारीलाच कळतं. वाडीवाली ताई, येईन हं.

अंडाभुर्जी
आणि भोपळा?

नगरी_माणूस
दुसऱ्या दिवशी आजीनं घाऱ्या केल्या, गूळ घालून. पहिलं ताट मामांकडे, आणि ते वडिलांनीच न्यायचं असं तिचं म्हणणं. लाइट गेलेली होती. मी पुढे कंदील धरून चाललो होतो.