कौंटी जेलमधलं आपलं माणूस : अनुभव लिहा

मागच्या फेब्रुवारीत माझ्या मामेभावाला कॅलिफोर्नियात अटक झाली. शुक्रवारची रात्र, दारू पिऊन गाडी चालवली, अपघातात समोरच्याला लागलं. तिथे तीन तासांच्या आत तीन फोन करू देतात. पण मोबाइल जप्त झालेला, आणि त्याला पाठ असलेला एकच नंबर म्हणजे इचलकरंजीच्या घराचा लँडलाइन, जो बंद होऊन दहा वर्षं झाली. शेवटी एका अधिकाऱ्याने मोबाइल पाकिटात बंद करण्याआधी बायकोचा नंबर उतरवून घेऊ दिला. "मला पकडलंय" एवढं बोलला आणि फोन तुटला.

कुठे ठेवलाय हे शोधण्यात आमची रात्र गेली. कौंटी म्हणजे तिथला जिल्हा. कौंटी जेल शेरिफच्या, म्हणजे कौंटीच्या पोलीसप्रमुखाच्या ताब्यात असतं आणि शेरिफच्या साइटवर कैद्याचा शोध घेता येतो. आडनाव घातलं, सापडेना. पासपोर्टवर पहिल्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं ना, नोंद करणाऱ्याने तेच आडनाव म्हणून टाकलं होतं. तेव्हा सगळे उलटसुलट प्रकार करून बघा. बोटांचे ठसे वगैरे होऊन नोंद पुरी व्हायला कितीतरी तास जातात, तोवर नाव येतच नाही. एकदा बुकिंग नंबर मिळाला की कागदावर लिहून ठेवा. फोन, पैसे, भेट, पत्र, सगळं त्याच नंबरावर चालतं.

जामीन एक लाख डॉलर. बाँडवाल्याला, म्हणजे आपल्या वतीने जामिनाची हमी देणाऱ्या कंपनीला दहा टक्के द्यायचे, ते परत मिळत नाहीत. वहिनी रात्रीच दहा हजार भरायला निघाली होती. वकिलाने थांबवलं. कोर्टापुढे उभं करायची ४८ तासांची मुदत, त्यात शनिवार-रविवार धरत नाहीत. मंगळवारी न्यायाधीशाने त्याला बिनपैशाचं सोडलं. प्रत्येकाचं असं होईल असं नाही, पण वकिलाशी बोलल्याशिवाय पैसे भरू नका.

ओळखीच्या चार मराठी घरांना विचारावं म्हटलं तर वहिनीने हात जोडले, "ताई, मंडळात कळायला नको." नंतर समजलं, त्या चारातल्या एका घराने हेच भोगलं होतं आणि तेही गप्प बसले होते. म्हणून हा धागा. नावं नकोत, खटल्यातलं काही नको. बाकी सगळं लिहा.

न्यू जर्सीहून

ताई, आमच्याकडे वेगळं. १ जानेवारी २०१७ पासून इथे पैशाचा जामीन जवळजवळ संपलाच आहे. सोडायचं की ठेवायचं ते न्यायाधीश ठरवतो, साधारण ४८ तासांत. आम्ही पैसे जमवत बसलो, ते वाया. त्या वेळात नोकरीचं पत्र आणि घराचा भाडेकरार वकिलाच्या हातात द्यायला हवा होता. इलिनॉयमध्येही १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन नाही. आपल्या राज्याचा नियम आधी बघा.

सांगलीची आई

माझा मुलगा टेक्सासात शिकायला. तीन महिने आत होता. मी विमानाने गेले, पासपोर्टची झेरॉक्स घेऊन. खिडकीवरच्या बाईने परत पाठवलं, मूळ पासपोर्ट हवा. दुसऱ्या दिवशी गेले तर भेट म्हणजे त्याच इमारतीत एका पडद्यासमोर बसायचं. पोरगं दोन मजले वर आणि मी त्याला टीव्हीवर बघतेय. वीस मिनिटं होती. त्यातली पाच मी नुसती रडण्यात घालवली, त्याचं अजून वाईट वाटतं. पुढच्या वेळी बोलायचं काय ते चिठ्ठीवर लिहून नेलं.

तो शाकाहारी. धर्माच्या कारणाने वेगळं जेवण मिळावं असा अर्ज तिथल्या चॅपलेनकडे (जेलच्या धर्मगुरूकडे) करावा लागतो, हे आम्हाला महिन्याने कळलं. तोवर ब्रेड आणि कँटीनचे शेंगदाणे खाऊन राहिला. पुस्तकं घरून पाठवलेली घेतली नाहीत. दुकानातून थेट गेलेली, पुठ्ठा बांधणी नसलेली घेतली. माझं मराठी पत्र बारा दिवस अडकलं, सुनेच्या बहिणीने इंग्रजीत लिहिलेलं तिसऱ्या दिवशी पोचलं. तरी मी मराठीतच लिहीत राहिले. तो म्हणाला, आई, उशिरा येऊ दे, पण तुझं अक्षर येऊ दे.

अटलांटा

फोनबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. वकिलाचा सोडून प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. मराठीत बोललो म्हणजे कुणाला कळणार नाही असं समजू नका, सरकारी वकील भाषांतर करून घेतो. आमच्या भावाने वडिलांना "चूक झाली माझी" म्हटलं, ते इंग्रजीत टाइप होऊन कोर्टात आलं. घरचं बोला, क्रिकेट बोला, घटनेबद्दल चकार शब्द नको.

आणि व्हिसा. फौजदारी वकील हुशार असला तरी इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा. गुन्हा कबूल केल्याने देशाबाहेर जावं लागेल का, हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे, पडिला खटल्यातला. ते स्वतःहून विचारा. आइसने (इमिग्रेशनचे कायदे राबवणाऱ्या सरकारी खात्याने) डिटेनर लावला असेल तर सुटकेच्या वेळेनंतरही ४८ तासांपर्यंत धरून ठेवायची विनंती कौंटीला असते. तिथून हलवलं की शेरिफच्या साइटवरून नाव जातं. मग आइसच्या वेगळ्या साइटवर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नंबर) आणि जन्मदेश घालून शोधायचं.

भारतीय कॉन्सुलेटला आपोआप कळवत नाहीत. अटकेतल्या माणसाने "कळवा" म्हणावं लागतं, तो हक्क व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने दिलेला आहे.

मी स्वतः ४७ दिवस होतो

पैसे थोडेथोडे पाठवा, एकदम नको. फोनची वेळ ठरवा आणि पाळा. माझी बहीण रोज संध्याकाळी सातला उचलायची, दिवस त्या सातपर्यंत ढकलायचा असायचा. सुटका रात्री दीडला झाली. मोबाइलची बॅटरी संपलेली, अंगावर अटकेच्या दिवशीचा टीशर्ट, बाहेर थंडी. बहीण दहापासून पार्किंगमध्ये होती.

आजच वाचला

नवरा कालपासून आत आहे. दोन वर्षांची मुलगी झोपलीय. आडनाव घालून सापडत नाही, वडिलांचं नाव घालून बघितलं, तरी नाही.

धागाकर्ती

जन्मतारीख कशी घातलीस? महिना आधी, दिवस नंतर. बघ परत, मी जागी आहे.