शहरातला रस्ता बाजूला सरकवायचा आहे: व्यवहार्यता अभ्यासाची आखणी कशी करावी?

आखणी_विभाग:
1.2 किमी लांबीचा, 24 मीटर रुंद चौपदरी रस्ता साधारण 70 मीटर बाजूला न्यायचा विचार आहे. सुटलेल्या जागेवर सार्वजनिक इमारत येईल. दोन्ही टोकांचे चौक आहेत तिथेच राहणार. अभ्यासासाठी सल्लागार नेमायचा आहे. कामाच्या व्याप्तीत काय घालावे, कोणती सर्वेक्षणे आधी करावीत आणि वेळ किती धरावा?

वळणवाला:
सर्वेक्षणावर पैसा घालवण्याआधी कागदावर भूमिती तपासा, एका दिवसाचे काम आहे. ताशी 50 किमी वेग, 4 टक्के बाह्योन्नती (वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवणे) आणि 0.15 घर्षण गुणांक धरला तर वळणाची किमान त्रिज्या साधारण 104 मीटर येते. 70 मीटर सरकायला एकामागे एक दोन उलटी वळणे लागतात. त्यांत प्रत्येक टोकाचे जवळपास 155 मीटर जातात, तेही मध्ये सरळ तुकडा न ठेवता. तो ठेवावा लागतोच, कारण बाह्योन्नती एका बाजूकडून दुसरीकडे फिरवायला जागा हवी.

पण शहरात कडेला दुकाने, फाटके असतात, त्यामुळे बाह्योन्नती बहुतेक वेळा देताच येत नाही. नेहमीचा 2.5 टक्के कॅम्बर (पाणी वाहून जावे म्हणून मधून कडेला दिलेला उतार) तसाच ठेवला तर तो बाहेरच्या बाजूला उलटा पडतो आणि त्रिज्या 157 मीटरवर जाते. मग टोकाला जवळपास 200 मीटर. म्हणजे 1200 पैकी नव्या जागी सरळ मिळणार फार तर 800. इमारतीची जागा या 800 मध्ये बसते का, हे आधी बघा. बसत नसेल तर पुढचा अभ्यासच नको.

चेंबर_आणि_उतार:
भूमिती जमली तरी असे प्रस्ताव अडतात ते जमिनीखाली. पाण्याची, गॅसची, विजेची लाइन हलवता येते, खर्च होतो इतकेच. मलवाहिनी गुरुत्वाने चालते, तिला उतार लागतो. ती नव्या रस्त्याखाली नेली, जुन्या कडेच्या घरांच्या जोडण्या 70 मीटरने लांबल्या आणि 1:100 उतार दिला तर तिथेच 70 सेंमी खोली गेली. मुख्य वाहिनी वळणांमुळे 40 मीटर लांबली, तर 1:250 ने आणखी 16 सेंमी. खालच्या चौकातल्या चेंबरची तळपातळी मात्र ठरलेली, ती खाली नेता येत नाही. उतार कमी करून भागवायला जाल तर वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली येतो, गाळ बसतो आणि दर पावसाळ्याआधी सक्शन मशीन बोलवावे लागते.

म्हणून पहिल्या महिन्यात प्रत्येक चेंबरचे झाकण उघडून तळपातळी मोजा. जुन्या नकाशातल्या पातळ्यांवर विसंबू नका. जीपीआर (जमिनीत रेडिओ लहरी सोडून वाहिन्या शोधणारे रडार) घ्या, पण ओल्या चिकणमातीत त्याचे सिग्नल विरतात, आणि केबल लोकेटरला प्लॅस्टिकची नळी दिसत नाही. गर्दीच्या ठिकाणी हाताने खणलेले चाचणी खड्डे हवेतच. त्यांची संख्या आणि दर निविदेतच लिहा, नाहीतर सल्लागार दोन खड्डे दाखवून मोकळा होतो.

बॉस्टनमध्ये शहरातला महामार्ग बोगद्यात नेणाऱ्या बिग डिग प्रकल्पात सुमारे 47 किमी लांबीच्या भूमिगत वाहिन्या हलवाव्या लागल्या होत्या. तुमचे काम त्यापुढे चिमुकले, पण अडचणीची जात तीच.

आखणी_विभाग:
मलवाहिनी जुन्या जागीच ठेवली तर?

चेंबर_आणि_उतार:
बऱ्याचदा तेच करावे लागते. मग तिच्यावर किमान 6 मीटरचा पट्टा बांधकामाविना मोकळा ठेवा आणि मशीनला आत यायला वाट द्या. हा पट्टा इमारतीच्या क्षेत्रातून वजा करा. 'इतकी जागा सुटेल' हा आकडा बहुतेक वेळा इथेच फुगवलेला असतो.

मोजणी_15_मिनिटे:
वाहतुकीचे थोडक्यात. सात दिवस, 24 तास मोजणी, 15 मिनिटांच्या टप्प्यांत, दोन्ही चौकांत वळणनिहाय, पादचारी वेगळे. सुट्टीचा किंवा सणाचा आठवडा टाळा. नंबरप्लेट कॅमेऱ्याने आरपार जाणारी वाहने किती आणि मध्येच थांबणारी किती, हे वेगळे काढा. थांबणारी जास्त असतील तर रस्ता हलला तरी ती जुन्या कडेलाच येणार. म्हणजे तिथे सेवारस्ता लागेल, अग्निशमन गाडी वळेल एवढा. तीही जागा वजा.

वळणवाला:
वेळ: दोन टप्पे करा. पहिले दोन महिने भूमिती, चेंबर, जमिनीची मालकी आणि वाहतूक. त्यावर 'पुढे जायचे की थांबायचे' हा निर्णय लेखी घ्या, आणि थांबल्यास सल्लागाराला किती रक्कम द्यायची ते करारात आधीच ठरवा. दुसऱ्या टप्प्याला तीन-चार महिने: बोअरहोल (माती तपासायची खोल छिद्रे), चार दिवस भिजवून घेतलेला सीबीआर (रस्त्याखालच्या मातीच्या ताकदीची चाचणी), खर्च, पर्यायांची तुलना. पर्यायांत 'काहीच न करणे' आणि 'आहे तो रस्ता अरुंद करणे' हे दोन हवेतच. यातला दुसरा पर्याय कुणी मागत नाही, पण कधीकधी तोच जिंकतो.

खर्चात दोन्ही टोकांचे जोड वेगळे दाखवा. मधला भाग वाहतूक न थांबवता बांधता येतो, जोड मात्र चालू रहदारीत, अर्धा-अर्धा रस्ता घेऊन, बहुधा रात्री करावे लागतात. सरसकट प्रति किमी दर लावला की हा खर्च दिसतच नाही.